बाहेरगावचे मालक

चैत्राच्या मध्यावर साळुबाई, कुशाबा आणि कुशाबाची आई धोंडाबाई अशी तिघं मढला एसटीतून उतरली. मढपासून बेहडेवाडी पायी सव्वा तास, आणि तोही चढाचा. कुशाबाच्या डोक्यावर गोधड्यांचं बोचकं होतं, साळुबाईच्या डोक्यावर भांड्यांचं पोतं आणि खांद्याला पारगावच्या शेतमालकाने निघताना दिलेले पाच-सहा किलो कांदे. धोंडाबाईने कोंबडी धरली होती. दिवाळीनंतर खाली उतरताना ती तलंग होती. सहा महिने कांद्याच्या शेतात चरून आता वजनदार झाली होती. तिघांपेक्षा तिचीच तब्येत सुधारलेली होती.

वाडीत शिरताना कुणी विशेष विचारलं नाही. दर साली माणसं दिवाळीनंतर खाली कामाला उतरतात आणि हिरडा धरला की परत येतात. पाखरांना कुणी विचारत नाही, तसं यांनाही नाही.

घरापाशी आली तर दाराला कागद. कागद खळीने चिकटवला होता, आणि खळ गव्हाच्या पिठाची असल्यामुळे त्याचा खालचा अर्धा भाग शेळीने खाल्ला होता. पंचायतीच्या कामात कुणी एवढा रस घेतल्याचं वाडीत दुसरं उदाहरण नव्हतं.

साळुबाईने बोचकी उतरवण्याआधी वाचायला घेतलं. ती एकेक अक्षर बोटाने दाबत वाचायची, जणू ते पळून जाईल. "आपले घर... सहा महिने... कुलूपबंद आढळल्याने... ग्रामसभेच्या ठरावानुसार... आपली नोंद... बाहेरगावचे मालक..."

पुढचं शेळीच्या पोटात होतं.

"कोण बाहेरगावचं?" धोंडाबाईने कोंबडी खाली सोडली. "मी ह्या दारात लगीन व्हऊन आली तवा सरपंचाचा बाप नागडा हिंडत व्हता."

"आई, हळू बोल," कुशाबा म्हणाला.

"का? आता त्यो मेलाय. त्याला काय लाज वाटायची?"

संध्याकाळी पंचायतीचा शिपाई गेणभाऊ स्वतःच आला. चहाची वेळ बघून येणं हा त्याच्या नोकरीचा भाग होता. ओट्यावर बसून त्याने उरलेला कागद तोंडी पुरा केला.

"मनाला लावून घेऊ नका, साळुवैनी. त्यो ठराव तुमच्यासाठी न्हाईच मुळी. त्यो बंगलेवाल्यांसाठी. वरच्या धारंला सा बंगलं झालं का न्हाई? सुरतंचं, मुंबईचं, कुठकुठलं शेठ. वर्साचं दहा दिस यायचं आन धरणाकडं बघत बसायचं. म्हून सरपंचांनी ठराव केला, ज्या घराला सा महिनं कुलूप, त्यो बाहेरगावचा मालक. त्याला घरपट्टी दुप्पट आन नव्या योजनेतला नळ न्हाई."

"मंग बंगल्याला लावलं कागद?"

"तिथं कुलूप कुठाय?" गेणभाऊला प्रश्नाचंच नवल वाटलं. "हरेक बंगल्यावर वाचमन हाय. दिवा जळतो, गेट उघडं, कुत्रं भुकतंय. पंचायतीच्या भाऊसायेबांनी सांगितलं, कुलूप दिसंल तिथं कागद लाव. मी उन्हातान्हात समदी वाडी पालथी घातली. एक्केचाळीस कुलपं घावली. एक्केचाळीस कागद लावलं. खळ बी घरनं नेली."

त्याने बशीत चहा ओतला. त्याच्या कामात खोट काढायला खरंच जागा नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दोघं हिरड्याला गेली. बाळहिरडा म्हणजे कोवळं, बोराएवढं फळ; ते झाडावरून झोडपून काढायचं, खडकावर काळं पडेस्तोवर वाळवायचं आणि व्यापाऱ्याला घालायचं. तीन आठवड्यांचा हंगाम. कुशाबा झाडावर, साळुबाई खाली. कुशाबाच्या उजव्या खांद्यावर कांद्याच्या गोण्यांनी घट्टा पडला होता. काठी मारताना तो हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून तो डाव्या हाताने झोडपत होता आणि निम्मी फळं भलतीकडे पडत होती.

"भरून टाकू," तो फांदीवरून म्हणाला. "अठ्ठेचाळीस रुपयं जास्तीचं. दोघांची एका दिसाची हजेरी बी न्हाई."

"आन नळ?"

"नळ आजवर कुठं व्हता?"

साळुबाई वाकून वेचत राहिली. तिच्या बोटांना कांद्याच्या पातीच्या चिरा होत्या, त्यात हिरड्याचा तुरट रस जाऊन झोंबत होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "भरलं की कबूल केल्यासारखं व्हतं."

"काय कबूल?"

"की आपण हितलं न्हाई."

कुशाबा मान खाजवत राहिला. लाल मुंग्या त्याच्या मानेत शिरल्या होत्या आणि त्या वेळेपुरता तो प्रश्न मोठा होता.

दुपारी ती विहिरीवर गेली. विहिरीने तळ दाखवला होता. एक बाई आत उतरून वाटीने पाणी गोळा करायची, वरची ओढायची. एका हंड्याला अर्धा तास. खाली पारगावात मालकाच्या मोटारीला मनगटाएवढी धार होती. तिथं सहा महिने ती कांद्याला पाणी देत होती. इथं कांद्याएवढं पाणीही माणसाला नव्हतं. धरण समोर, उतारावर, दिवसभर डोळ्यांत चमकायचं.

*

सुरतेच्या शेठच्या बंगल्यावर नवनाथ वॉचमन होता. तो वाडीतलाच, कुशाबाचा लांबचा भाऊबंद. शेठ येणार असला की झाडलोटीला तो साळुबाईला बोलवायचा. आठवड्याने त्याने निरोप धाडला.

बंगल्याला नऊ खोल्या होत्या आणि पाच संडास. साळुबाईने हे मोजलं नाही. जो झाडतो त्याच्या कमरेला घराचं माप आपोआप कळतं. सहाव्या खोलीशी ती वाकूनच चालायला लागली. मागच्या बाजूला निळ्या फरशीचा पोहायचा हौद होता. बोअरच्या पाण्याची पाइप त्यात सोडलेली होती आणि पाणी सावकाश, कुणाची घाई नसल्यासारखं चढत होतं.

"शेठ तीन दिस हाये," नवनाथ म्हणाला. "पवतो बिवतो काय न्हाई. कडंला खुर्ची टाकून बसतो. पण हौद भरल्याला लागतो."

शेठ सकाळीच आला होता. पांढरा लेंगा, पायात रबरी चपला, वागायला सौम्य. पुसणाऱ्या बाईला वाट द्यायची म्हणून तो भिंतीला चिकटून उभा राहिला. साळुबाईने फडकं पिळता पिळता विचारलं, "शेठ, तुमाला घरपट्टी दुप्पट आली का?"

"नाय आली. येणार होती, असा ऐकला," शेठ म्हणाला. "पण बाई, तुमी सांगा. मी साल में बारा दिवस येते. तुमची शाळा मी वापरत नाय. रस्ता बारा दिवस. मतदान पण नाय माझा. मग मला ज्यादा कशाला? उलटा कमी पायजे."

साळुबाई फडकं हातात धरून तशीच उभी राहिली. बोलणं तिला पटलं होतं, आणि त्याचाच तिला राग आला. कारण तिला जे सरपंचाला सांगायचं होतं तेच हा माणूस सांगत होता, फक्त नऊ खोल्यांतून.

"शेठ," ती सावकाश म्हणाली, "तुमी किती दिस ऱ्हाता ते घराला कुठं कळतंय? घर तेवढंच आसतंय. मला तर समदंच पुसावं लागतंय."

शेठ हसला. मग हसायचा थांबला, कारण बाई हसत नव्हती. तिने फडकं परत बादलीत बुडवलं आणि सातवी खोली घेतली.

*

पंचायतीत ती तीनदा गेली. पहिल्यांदा ग्रामसेवक, म्हणजे भाऊसाहेब, मीटिंगला घोडेगावला गेल्याचं गेणभाऊने सांगितलं. वास्तविक घोडेगाव आंबेगाव तालुक्याचं गाव आणि ही वाडी जुन्नर तालुक्यात. पण तेवढा भूगोल शिपायाने बघू नये असा नियम होता. दुसऱ्यांदा भाऊसाहेब होते, पण कपाटाची किल्ली नव्हती. दोन्ही वेळा ती दाराबाहेर दगडावर उन्हात बसली. आत रिकाम्या खुर्च्या होत्या, पण बस असं कुणी म्हटलं नाही. तिसऱ्यांदा ती भाकरी बांधूनच आली आणि दारातच बसली. त्यामुळे आत येणाऱ्याला तिला ओलांडावं लागे आणि बाई माणसाला ओलांडायचं म्हणून जो तो बाहेरच थांबे. अकरा वाजता किल्ली सापडली.

"बघ बाई, बघ," भाऊसाहेबांनी सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेची वही पुढे सरकवली. ते शिरूरकडचे, बदलीची वाट बघत असलेले गृहस्थ होते. "ठराव रीतसर आहे. शंभर मतदार हजर लागतात, बरोबर शंभर आहेत. मी एकही जास्त धरला नाही."

साळुबाईने बोट ठेवून नावं वाचायला घेतली. भाऊसाहेबांनी वर्तमानपत्र उघडलं. ते दुसऱ्या पानावर पोचले तेव्हा साळुबाईचं बोट थांबलं.

"भाऊसायेब, हितं माझं नाव हाय."

"असेल की. मतदार आहेस."

"नावाम्होरं अंगठा हाय."

"मग?"

"मी सही करती."

भाऊसाहेबांनी वर्तमानपत्र थोडं खाली केलं.

"साक्षरतेच्या वर्गाला वरीसभर गेली मी," साळुबाई म्हणाली. "कंदिलाच्या धुरानं डोळं गेलं. तवापास्नं अंगठा न्हाई दिला कुठं. पारगावला मालकाच्या वहीत बी सही करती. आन सव्वीस जानेवारीला मी पारगावात व्हती, कांदं काढीत. ह्यो अंगठा कुणाचा?"

खाली कुशाबाचं नाव होतं. त्याच्यापुढचा अंगठा रुपयाच्या नाण्याहून मोठा होता.

साळुबाई उठली, बाहेर गेली आणि सोबत येऊन बाहेरच थांबलेल्या कुशाबाला घेऊन आली. कुशाबाने आपला अंगठा त्या ठशाशेजारी ठेवला. बराच वेळ बघत राहिला. "एवढा मोठा कवा झाला?" तो खरोखरच चिंतेने म्हणाला.

कोपऱ्यात गेणभाऊ पाणी पीत होता. त्याला ठसका लागला. मग तो लाजल्यासारखा पुढे आला.

"आता तुमीच इचार करा. झेंड्याला माणसं आली सदतीस. त्यातली बी निम्मी बिस्किटं मिळत्यात म्हून. भाऊसायेब म्हनले, शंभर कर. त्रेसष्ट अंगठं एकट्यानं द्यायचं. हाताचं दोन. सारखं एकच आलं तर वरचं साहेब वळखतील. म्हून मंग..." त्याने खाली आपल्या पायांकडे बघितलं. "पायाचं बी लावलं. पालटून पालटून."

भाऊसाहेब वर्तमानपत्राची घडी घालत होते. घडी काही केल्या नीट बसत नव्हती. शंभर माणसं नसली तर सभा तहकूब करून आठवड्याने परत घ्यायची, आणि तहकूब सभेला शंभरांची गरजच नसते, एवढं त्यांना ठाऊक होतं. म्हणजे हे पाप करण्याची काहीच आवश्यकता नव्हती. पण परत सभा म्हणजे परत चढ चढून यायचं, परत बिस्किटं.

"म्हंजी," साळुबाई सावकाश जुळवत म्हणाली, "गावात नव्हतो म्हून आमी बाहेरगावचं. आन त्यो ठराव केला कुणी, तर आमीच, गावात बसून."

*

सरपंच कुंडलिक दुसऱ्या दिवशी सकाळी खडकावर आला, जिथं हिरडा वाळत होता. मोटारसायकल त्याने लांब लावली आणि चालत आला. तोच मोठा मान होता.

"साळुबाई, तू आमच्या भावकीतली. तुझं नाव मी त्या यादीतनं काढतो. एकेरी घरपट्टी, नळ मंजूर. कुणाला कळायचं न्हाई."

"आन बाकीचं चाळीस?"

"त्यांनी कुठं तक्रार केली? त्यांचं त्यांना चालतंय."

"त्यांच्या कागदाला शेळी लागली न्हाई वाटतं," कुशाबा मधेच म्हणाला आणि हिरडा परतायला लागला.

कुंडलिकने गळ्यातला टॉवेल सारखा केला. मग आवाज खाली आणला. "हे बघ. त्या सभेत एकटा त्योच ठराव न्हाई झाला. नळयोजना बी त्याच सभेत, त्याच शंभर माणसांनी मंजूर केली. कागद जिल्ह्याला गेलाय. तू अंगठं खोटं म्हनलीस की सभा खोटी. सभा खोटी की नळ बी खोटा. समद्या वाडीच्या तोंडचं पाणी काढून घेशील. बाया तुला हिरीवर उभं करत्याल का?"

तो गेला. साळुबाईने हिरड्याची रास पायाने पसरली. तिला राग यायला हवा होता, पण सरपंचाचं बोलणंही खोटं नव्हतं. या प्रकरणात प्रत्येक जण थोडं थोडं खरं बोलत होता, तीच अडचण होती.

बाया दुपारपर्यंतही थांबल्या नाहीत; बातमी आधीच पोचली होती. दुपारी ती विहिरीवर गेली तर शेजारची शीला, जिच्या नवऱ्याला खाली जावं लागत नाही, कारण तो दुधाच्या गाडीवर आहे, तिने आपला हंडा पुढे सरकवला. मग तिच्या जावेने सरकवला. नंबर साळुबाईचा होता.

"तुला काय, कार्तिक आला की तू चालली मोटारीच्या पाण्यावर," शीला विहिरीत बघत म्हणाली. "आमी हितं बाराही म्हयनं ऱ्हातो. आमाला नळ पायजे."

साळुबाईने आपला रिकामा हंडा काखेत घेतला आणि उन्हात उभी राहिली. सहा हंडे पुढे गेले. सातवा तिचा भरला तेव्हा पाण्यात गाळ होता. तो हंडा तिने तसाच घरी आणून ओट्यावर ठेवला.

"दे सोडून," कुशाबा म्हणाला.

धोंडाबाईने पडवीतून ऐकलं. "साळे, पाणी गाळून घे आन आधी पी," ती म्हणाली. "मंग काय सोडायचं ते ठरव. तहानल्या मान्सानं काय बी ठरवू ने."

साळुबाई पाणी प्यायली. मग पोतं अंथरून बसली आणि एक मेच्या ग्रामसभेपर्यंत किती दिवस आहेत ते मोजलं. नऊ होते. त्या नऊ दिवसांत ती बाकीच्या चाळीस घरी गेली. कुलपं सगळी निघाली होती, सगळ्या घरांतून धूर निघत होता. तिने कुठेही अंगठ्याचा विषय काढला नाही. एवढंच सांगितलं, "एक तारखंला शाळंत या. हिरडा आर्धा दिस ऱ्हाऊ द्या. आन सही येत आसंल त्यांनी सही करा."

*

एक मेला झेंडा झाला आणि ग्रामसभेला शाळेच्या व्हरांड्यात माणूस मावेना. भाऊसाहेबांनी हजेरीची वही उघडली आणि ती भरतच राहिली. एकशे अठ्ठावन्न. नोकरीच्या इतक्या वर्षांत त्यांना एवढ्या खऱ्या माणसांची सवय नव्हती. गेणभाऊने शाईचा पॅड टेबलावर ठेवला होता आणि आपले हात पाठीमागे धरले होते.

कुंडलिक बोलायला उठला, पण साळुबाई आधी उभी राहिली. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"पैला इषय नळाचा घ्या," ती म्हणाली.

"नळ मंजूर झाला जानेवारीत," भाऊसाहेब म्हणाले.

"परत करा. आमी तवा नव्हतो. आमाला बी हात वर करायचाय."

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. कुंडलिकने शीलाच्या नवऱ्याकडे बघितलं, त्याने खांदे उडवले. सगळ्यांनी हात वर केले. शीलाने दोन्ही केले. भाऊसाहेबांनी ठराव लिहिला, योजना सर्व घरांसह मंजूर, हजर एकशे अठ्ठावन्न. सरपंचाने सूचक म्हणून सही केली.

"लिवलं?" साळुबाईने विचारलं.

"लिहिलं."

"शाई वाळली?"

"वाळली, बाई."

"मंग आता जानेवारीच्या सभेकडं बघू," साळुबाई म्हणाली. "ती गेली तरी नळ न्हाई जात."

मग मागच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि त्या हसण्याचा अर्थ हळूहळू पुढच्या रांगांपर्यंत पोचत गेला. शीलाने मान वळवून साळुबाईकडे बघितलं आणि बघतच राहिली. कुंडलिक मात्र राजकारणी माणूस होता. वारं फिरलेलं त्याला पाठीला कळायचं. अंगठ्यांचा विषय निघण्याआधीच तो उठून म्हणाला, "कुलपाचा ठराव रद्द. चुकून झाला. माझ्या मनात तर बंगलं व्हतं."

"बंगल्याचं काय करायचं मंग?" कुणीतरी ओरडलं. "त्यांना फुकाट सोडायचं का?"

"कसं लावायचं ते साळुबाई सांगंल," कुंडलिक म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा होता, पण साळुबाईने तो प्रश्न म्हणून घेतला.

"कोन किती दिस ऱ्हातो ते मोजू नका," ती म्हणाली. "शेठ बारा दिस येतो म्हून त्यो चोर न्हाई. मी सा म्हयनं जाती म्हून मी बी न्हाई. घर मोजा. केवढं हाय, कशाचं हाय. मोठ्याला मोठी, बारक्याला बारकी."

"वा!" कुंडलिकने लगेच हात वर केला. त्याच्या डोळ्यांपुढे निळ्या फरशीचा हौद होता. "बंगलं मापानं! लिहा, भाऊसाहेब. सूचक मीच."

"बंगलंच न्हाई," साळुबाई म्हणाली. "समदी घरं."

कुंडलिकचा हात वर होता. एकशे सत्तावन्न हात आणखी वर झाले. मग त्याचा खाली घेणं बरं दिसेना.

*

मापणी सोमवारी निघाली. भाऊसाहेबांकडे नमुना आठची घरपट्टीची वही, गेणभाऊकडे पन्नास फुटी फीत. ग्रामसभेने आपलं माणूस म्हणून साळुबाईला सोबत दिलं होतं. शाळेपासून सुरुवात करायची ठरलं होतं, आणि शाळेला लागून पहिलं घर सरपंचाचं होतं. खाली चार खोल्या, वर तीन, स्लॅब, पुढे ग्रीलची गॅलरी.

भाऊसाहेबांनी वही उघडली आणि ती गेणभाऊकडे दिली. गेणभाऊने ती साळुबाईकडे दिली. तिने बोट ठेवून वाचलं.

"कुंडलिक... घर... कुडाचे... गवताने शाकारलेले. खोली एक."

स्लॅबवर कबुतर बसलं होतं. सगळ्यांनी वर बघितलं.

"आमच्या वडलांच्या येळची नोंद हाय ती," कुंडलिक म्हणाला. "बदलायची राहूनच गेली. कामाचा व्याप."

"धरा हे टोक, सरपंच," साळुबाईने फितीचं टोक त्याच्या हातात दिलं.

सतराशे दहा चौरस फूट भरलं. कुंडलिकने शेवटपर्यंत टोक धरलं, हे त्याच्याबद्दल सांगितलं पाहिजे.

बंगल्यांना दोन दिवस लागले. हौद घरात धरायचा की नाही यावर भाऊसाहेब अडले. नवनाथने विचार करून सांगितलं की शेठ घरापेक्षा हौदापाशीच जास्त बसतो, तेव्हा धरला. शेठला सुरतेला कागद गेला. महिन्याने त्याने पैसे पाठवले आणि सोबत चिठ्ठी, की मापात जिना दोनदा धरला आहे. धरला होता. कमी केला.

साळुबाईचं घर बुधवारी आलं. गेणभाऊने दाराच्या उंबऱ्यापाशी वाकून फीत लावली आणि कुशाबाने आत धरली. सोळा बाय चौदा. भाऊसाहेबांनी मनात गुणाकार केला, वही मांडीवर घेतली आणि पडवीकडे न बघता म्हणाले, "दोनशे चोवीस. पडवी सोडतो. तुझ्यामुळे एवढं काम झालं, तेवढी सूट समज."

"सूट नगं," साळुबाई म्हणाली. "पडवी घराचीच हाय. धरा."

"अगं, चार रुपयं वाढत्याल वर्साला," कुशाबा दारातून म्हणाला. "भाऊसायेब सोडत्यात तर सोडू दे की."

"पडवीत आत्याबाई निजत्यात. पडवी सोडली तर त्या ऱ्हातात कुठं? बाहेरगावी?" तिने फितीचं टोक गेणभाऊच्या हातातून घेतलं आणि पडवीच्या कडेपर्यंत ओढत नेलं. "चौदा बाय सा. लिवा. आन म्होरल्या रकान्यात काय लिवलं ते दाखवा."

भाऊसाहेबांनी 'राहते घर' असं लिहिलं आणि वही फिरवून धरली. साळुबाईने पाचही अक्षरं, काना-मात्रांसकट, दाबून बघितली.

"पण कार्तिकात तुम्ही परत खाली जाणारच ना?" भाऊसाहेबांनी विचारलं. त्यात दुष्टावा नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

"कामाला जाणार," साळुबाई म्हणाली. "ऱ्हायला हितंच हाय."

कुशाबा अजून मान हलवत होता. "चार रुपयं," तो पुटपुटला. "उगंच चार रुपयं."

पडवीत गोधडीवर बसलेल्या धोंडाबाईने पाय आखडून घेतले, कारण फीत तिच्या पायावरून गेली होती. तिने लेकाकडे बघितलं.

"का रं कुशा," ती म्हणाली, "माझं वर्साला चार रुपयं बी जड झालं व्हय तुला?"

भाऊसाहेबांनी शेवटचा आकडा घातला आणि रेघ ओढली.